घर आवरलं आणि धंदा दिसेना

अगं ये, माझ्याजवळ बसली आहेस असं समजून वाच, कारण मी जरा रागावणार आहे. पगाराची स्लिप नाही म्हणून पोरीच्या कॉलेजचं कर्ज न मागताच बँकेतून परत येतात होय? घरी शिलाई मशीन चालवतेस, ती काय कमाई नाही?

माझ्या नातीला लॅबच्या कोर्सला प्रवेश मिळाला, तेव्हा माझ्याकडे तरी कुठली स्लिप होती? मुलगा गेल्यापासून सून आणि मी सातपूरच्या कामगारांना डबे देतो, एवढंच. फी भरायची मुदत तर अगदी जवळ आलेली. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, "स्लिप नसू दे. आम्ही घरी येऊन धंदा बघू."

झालं. घरी कुणी येणार म्हटल्यावर आपण बायका काय करतो? आवरतो. त्या दिवशी मी डब्यांना सुट्टी दिली. परात, मोठा तवा, शेगडी, डब्यांची चळत, सगळं शेजारणीकडे नेऊन ठेवलं. दिवाणावर नवी चादर घातली, कांदेपोहे केले. मॅडम आल्या, पोहे खाल्ले, इकडेतिकडे बघितलं.

"आजी, घर छान आहे. पण धंदा कुठाय?"

"शेजारी ठेवलाय."

नातीने कपाळाला हात लावला. "आजी, कर्ज हवंय की मला दाखवायचा कार्यक्रम आहे?"

मी काही लाजले नाही. म्हटलं, "मॅडम, उद्या सकाळी लवकर या. कणकेच्या हातानेच दार उघडते."

आल्या की. भाजी फोडणीला पडलेली, सून पोळ्या लाटतेय, दारात मोटरसायकलींची रांग. मॅडमनी एका पोराला विचारलं, "कधीपासून घेता डबा?"

"मावशींचा डबा सुटेल म्हणून पुण्याची नोकरी सोडली, मॅडम."

"खोटं बोलतोय," मी म्हटलं, "पण पैसे वेळेवर देतो."

पोरांनी मोबाईलवरून भरलेले पैसे माझ्या खात्यात दिसतच होते. उरलेलं मॅडमनी डोळ्यांनी पाहिलं, फोटो काढले, आणि मुदतीच्या आत कर्ज मंजूर झालं. नात आता पांढरा कोट घालून कॉलेजला जाते.

तेव्हा तू पुन्हा जा. त्यांना घरी बोलाव, आणि मशीनखालच्या चिंध्या अजिबात झाडू नकोस. कर्जाचं काय व्हायचं ते होईल, तू पोरीला घेऊन लवकर ये इकडे. पसारा असेल. सरकवून बसू.