रत्नाची परीक्षा

हे मी आजवर एका माणसाखेरीज कुणाला सांगितलेलं नाही, आणि त्या एकालाही फार उशिरा. आता तुम्हाला सांगायला बसलोय तर सारखा उठतोय. आत्ताच पाण्याची मोटार बंद आहे का ते बघून आलो. बंदच होती. बंद आहे हे मला माहीतही होतं. मग का उठलो?

मी गणिताचा मास्तर. घर जळकोटला, नोकरी नळदुर्गला, सगळा जन्म त्या हायवेवर जाऊन-येऊन गेला. माझं नाव झालं ते शिकवण्यानं नाही, कॉपी पकडण्यानं. वर्गात शिरलो की कुणाच्या बाहीत काय दडलंय ते मला वासानं कळायचं. पोरं म्हणायची, सरांना पाठीमागं पण डोळे आहेत. मला ते आवडायचं — लई आवडायचं. पुढचं सगळं तिथूनच आलं असं कधी कधी वाटतं. पण हे कारण झालं. कारणं द्यायची नाहीत असं ठरवून बसलोय.

रत्ना माझी बायको. शिवणकाम करते — करायची. गावात लग्न निघालं की ब्लाउजची कापडं आधी आमच्या ओट्यावर यायची. बाई दारातून आत येईपर्यंत रत्नाच्या डोळ्यात तिचं माप बसलेलं असायचं. टेप नंतर, नुसती खात्रीला.

पन्नाशीनंतर तिचं काहीतरी बिघडायला लागलं. एकदा बाही उलटी जोडली. मग परत. कात्री खुणेवर चालेना. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहायची आणि वेळ मलाच विचारायची. समोर तांब्या असायचा आणि तिचा हात त्याच्या कडेनं हवेत फिरत राहायचा. सपाट फरशीवर, जिथं नुसता रंग बदलतो, तिथं पायरी असल्यासारखी पाय चाचपायची.

आणि त्याच बाईला तांदळातला खडा दिसायचा! जमिनीवर पडलेली टाचणी ती वाकून बरोबर उचलायची. आता तुम्हीच सांगा — टाचणी दिसते आणि पितळी तांब्या दिसत नाही, हे तुम्हाला पटलं असतं? मला नाही पटलं.

त्याच सुमारास अक्का आमच्याकडं राहायला आली. माझी थोरली बहीण. तेर गावी दिली होती, मूलबाळ नाही, दाजी गेले तेव्हा मीच जाऊन तिला घेऊन आलो. आमची आई मी लहान असतानाच गेली. मला न्हाऊ-माखू घातलं ते अक्कानं, शाळेत घातलं तेही तिनंच. तिला म्हातारपणी एकटं ठेवणं मला शक्यच नव्हतं. रत्ना काही बोलली नाही. फक्त एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, “अक्कांना सांगा की, डबे जागचे हलवू नका म्हणून. मला मग घावत न्हाईत.”

ती काय म्हणाली ते तुम्ही ऐकलंत. मी काय ऐकलं? मी ऐकलं की हिला अक्का नकोय. चुकलेल्या बाह्या, हरवणारा तांब्या, चाचपडणं — सगळं एका ओळीत बसलं. हिला अक्का घरातून जायला हवीय, म्हणून हे नाटक. गणित सुटल्याचा जो आनंद असतो ना, तसा आनंद झाला मला. खोटं नाही सांगत.

धाराशिवला डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी औषध घालून आत बघितलं, म्हणाले डोळे चांगले आहेत, नंबर जरा वाढलाय. नवा चष्मा आला. फरक शून्य. त्या दिवशी परत येताना एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. तुळजापूर मागं पडल्यावर म्हणाली, “डोळं चांगलं हायत तर मग मला दिसत का न्हाय वो?”  माझ्या मनात उत्तर तयार होतं — दिसतंय तुला. सगळं दिसतंय.

मग मी तिची परीक्षा घेतली.

दुपार कलली होती. अक्का शेजारी सुमनकडं गेली होती. रत्ना आत चहा करत होती. अक्काचं एक लाकडी बुटकं स्टूल होतं, गुडघे धरायचे म्हणून ती त्यावर बसून निवडणं-टिपणं करायची. ते भिंतीशी होतं. मी ते उचललं आणि स्वयंपाकघराच्या दारासमोर, बरोबर वाटेत ठेवलं. मग पलंगावर बसून पेपर तोंडासमोर धरला आणि हाक मारली, “चहा झाला का?”

एवढंच केलं. सांगायला किती थोडं आहे बघा.

माझा तर्क असा होता — दिसत असेल तर ती स्टूल चुकवून येईल, आणि मग मी म्हणेन, सापडलीस. ती दारात आली. हातात कपबशी. पेपरच्या वरून मी बघत होतो. तिची मान खाली होती, नजर सरळ त्या स्टुलावर होती. मला वाटलं, आता पाय वळवणार. आता वळवणार. ‘थांब’ म्हणायला वेळ होता का? होता. भरपूर होता. एक शब्द तर म्हणायचा होता. मी नाही म्हणालो. निकाल लागायचा होता ना माझा.

ती पडली. स्टूल तिच्या नडगीखाली, उजवा हात अंगाखाली मुडपलेला, गरम चहा गळ्यावर. ओरडली नाही. “काय हुतं तितं?” एवढंच विचारलं. माणूस अंधारात विचारतो तसं. आणि बाहेर लख्ख ऊन होतं.

आवाजानं सुमन धावत आली, मागून अक्का. रत्नाला उठवता उठवता सुमन म्हणाली, “आगं बया, हे स्टूल कुनी ठिवलं वाटंत?”

मी पेपरची घडी घालत होतो. ती घडी मला अजून आठवते — कडेला कड जुळवून, नीट. मी बोललो नाही. अक्कानं स्टुलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. म्हणाली, “माझंच आसंल. सकाळी डाळ निवडाय बसले हुते... उचलून ठिवलं आसं वाटतंय, पर न्हाय ध्यानात.”

उचलून ठेवलं होतंस, अक्का. भिंतीशी ठेवलं होतंस. हे वाक्य माझ्या तोंडात तेव्हा तयार होतं. अजून आहे.

मनगट मोडलं होतं. सोलापूरला नेलं, ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. तिथल्या डॉक्टरांनी तिला बोलताना, चालताना बघितलं आणि म्हणाले, हे हाताचं ठीक आहे, पण यांना मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. मेंदूच्या डॉक्टरांनी तिच्यासमोर एक चित्र धरलं. स्वयंपाकघराचं चित्र होतं, बाई, मुलं, ओटा, खिडकी. रत्ना म्हणाली, “चमचा.” मग बऱ्याच वेळानं, “पडदा.” बाई दिसली नाही. मुलं दिसली नाहीत. घर दिसलं नाही.

मग स्कॅन झाला. डॉक्टर मला समजावत होते — डोळे बघतात, पण बघितलेलं जुळवून देणारा मेंदूचा मागचा भाग सुकत चाललाय. एका वेळी एकच तुकडा हाती लागतो. बारीक वस्तू सापडते, मोठी निसटते. स्मरणशक्ती सध्या बरी आहे, पण हे वाढत जाणार. आणि मग म्हणाले, “घरच्यांना हे नाटक वाटतं. टाचणी दिसते नि तांब्या दिसत नाही, म्हणतात.” मी टाचणीबद्दल त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. की नको?

पुण्याहून मिलिंद, आमचा मुलगा, आला. आईचा प्लॅस्टर घातलेला हात बघून त्याचा तोल गेला. अक्काच्या समोरच म्हणाला, “आत्याला एवढं कळत नाही? आईला दिसत नाही नि ही वाटेत स्टुलं ठेवते!” मी तिथंच होतो. अक्का खाली मान घालून बसली होती. मी म्हणालो, “जाऊ दे रे, म्हातारं माणूस आहे.”

ऐकलंत? मी तिला माफ केलं.

दोन दिवसांत अक्कानं गाठोडं बांधलं. कुणी जा म्हणालं नव्हतं. रत्ना म्हणालीसुद्धा, “ऱ्हावा की वो अक्का, मुद्दाम का केलंय तुमी?” पण ती थांबली नाही. मी स्टँडवर सोडायला गेलो. गाडीला उशीर होता, एकामागून एक ट्रक जात होते. अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, “तुझ्या घराला माझा हात लागला रं. तिला जप.” मी तिच्या हातात केळी दिली. गाडी आली, ती चढली, खिडकीतून माझ्याकडं बघत राहिली. मी हात हलवला.

पुढं तेरहून तिचा फोन यायचा. माझी चौकशी आधी नाही — “रत्नाचा हात वळतो का रं आता?” हेच पहिलं. वळायचा नाही. मी म्हणायचो, वळतोय हळूहळू. दर रविवारी विहारात वंदनेला बसतो. पंचशील म्हणतो. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील — तेही म्हणतो, सगळ्यांच्या बरोबरीनं, मोठ्यानं. आवाज कधी अडखळला नाही. अडखळायला नको होता?

अक्का थंडीत गेली. शेजाऱ्यांनी कळवलं. मी पोचलो तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी रत्नाला सांगितलं. ओट्यावर उन्हात बसलो होतो. तिचं दिसणं आता फार तुटक झालंय, पण डोकं अजून चालतं. मी सगळं सांगितलं — स्टूल, पेपर, हाक.  ती म्हणाली, “अक्कांना सांगितलं हुतं?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगताय?”

 मग तीच म्हणाली, “मी पडले ते पडले. पर त्या बाईनं जाताना माझं पाय धरलं हुतं वो. मी धरू दिलं.”

मला हे माहीत नव्हतं.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलते. जेवते, चहा मागते, मिलिंदचा फोन आला का विचारते. भांडण नाही. पण पूर्वी न्हाणीत जायचं, अंगणात यायचं तर माझा हात धरायची. आता नाही धरत. मी घरातच असतो, चार पावलांवर. ती भिंतीला हात लावून उभी राहते आणि सुमनला हाक मारते.