मला ऐकू आलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. टीममधली जुनी पोरं भेटली, चहा झाला, मॅचच्या गप्पा निघाल्या, की मी ती एक फायनल गाळून पुढं जातो. तेही जातात. पण त्यांना माहीत नाही असं काहीतरी मला माहीत आहे — आणि ते तुम्हालाच का सांगतोय, हेही मला नीट सांगता येणार नाही.

आमचं गाव केज तालुक्यात, नांदूरघाटच्या अंगाला. नाव राहू द्या. आमच्याकडं क्रिकेट चालतं, कबड्डी चालते. फुटबॉल आला तो हायस्कूलवर बदलून आलेल्या एका सरांमुळं. सर पुढं बदलून गेले, फुटबॉल राहिला. मी कॅप्टन होतो. का? तर घरची जमीन होती, गावात वजन होतं, आणि जर्सी देणारे तात्या माझे सख्खे चुलते. खेळायला मी बरा होतो, एवढंच. चांगला होता तो मोईन.

मोईन मनियारांचा. त्याची आई, शहनाज चाची, बांगड्यांची पेटी घेऊन गावातल्या प्रत्येक घरात जायची. माझ्या बहिणीच्या लग्नात चुडा तिनंच भरला. मोईन आणि मी एका बाकावर शिकलो, एका सायकलवर मैदानावर गेलो. मॅचआधी आम्ही नारळ फोडायचो, गोल झाला की 'मोरया' ओरडायचो, आणि त्यात मोईनचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. कुणाला त्यात काही वाटायचं नाही. त्याला काय वाटायचं — हे मी कधी विचारलं का? नाही.

त्या साली आम्ही तालुक्याच्या स्पर्धेत फायनलला गेलो. समोरची टीम शहरातल्या एका मोहल्ल्याची, जवळजवळ सगळी मुसलमान पोरं. आधीही त्यांच्याशी खेळलो होतो. भांडणं व्हायची ती पायावर पाय दिल्याची. पण त्या महिन्यात हवाच वेगळी होती. कुठंतरी मिरवणुकीवरनं दगडफेक झालेली, मोबाईलवर नको नको ते फिरत होतं. आमच्या बाजूच्या मोटारसायकलींना भगवे झेंडे, त्यांच्या बाजूला हिरवे. त्यातले फुटबॉल बघायला आलेले किती, कोण जाणे.

मोईन बॉल घेऊन पळाला की तिकडून ओरडायचे, "अबे, उधर से कायकू खेल रा?" तो ऐकायचा आणि पळायचा.

मॅच संपत आलेली. बरोबरी. बॉल माझ्या पायात आला, समोर एकटा गोलकीपर. मी मारला — आणि सरळ त्याच्या अंगावर मारला. उडून आलेला बॉल मोईननं आत घातला.

मग तो गुडघ्यांवर बसला. कपाळ मातीला टेकवलं. असं त्यानं आधी कधीच केलं नव्हतं. त्याच दिवशी का केलं? मला वाटतं, त्यानं ते केलं नाही, ते त्याच्याकडून झालं. मी हातभर अंतरावर होतो. आमची माणसं ओरडायला तोंड उघडून तशीच थांबलेली, सगळं मैदान गप्प. तो हळू आवाजात म्हणाला, "या अल्ला, तेरा शुक्र है." एवढंच. उठला, माझ्याकडं बघून हसला.

आम्ही जिंकलो. पण गुलाल कुणी उधळला नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मोईननं घोषणा दिली. कसली, ते प्रत्येकजण वेगळं सांगत होता.

मारुतीच्या पारावर माणसं जमली. मोईनला बोलावलं, त्याचे अब्बाही आले. तात्यांनी मला पुढं घेतलं. "दत्ता, तू जवळ व्हतास. काय म्हनला त्यो?"

मोईन माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी आलं होतं. दत्ता आहे म्हटल्यावर झालंच, असं.

मी म्हणालो, "मला ऐकू आलं न्हाई."

घोषणा दिली, असं मी म्हणालो नाही. म्हणायची गरजच नव्हती. त्याचा एवढा दोस्त, शेजारी उभा, आणि म्हणतो ऐकू आलं नाही — म्हणजे झाकतोय, असंच सगळ्यांनी घेतलं. अब्बांनी सगळ्यांपुढं हात जोडले. मोईननं स्वतः सांगून तरी कुणाला पटलं असतं?

मी भ्यालो, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. चुलते समोर, गाव समोर, भीती होतीच. पण तेवढीच होती का? — इथंच माझं अडतं. तो गोल माझा होता. कॅप्टन मी, चुकलो मी, आणि तालुक्यात नाव त्याचं होणार होतं. पाराकडं जाताना, मला कुणी काही विचारायच्या आधीच, मला आतून बरं वाटत होतं. माझ्या चुकलेल्या गोलाबद्दल आता कुणीच बोलत नव्हतं. मोईनबद्दल बोलत होते. बरं वाटत होतं मला. कुणाला माहीत नाही, ते हे आहे.

मोईनला टीममधून काढलं. शहनाज चाची पेटी घेऊन निघायची तेव्हा बायका दारातूनच 'आज नको' म्हणू लागल्या. आमच्या दारातही आली. आई तेच म्हणाली. मी आतल्या खोलीत होतो, बाहेर आलो नाही. चाची ओट्यावर जरा टेकली, मग पेटी उचलून गेली. दिवाळीच्या आत त्यांच्या घराला कुलूप लागलं. पुण्याला गेले, असं कळलं. पुढं टीममधली बौद्ध वस्तीतली पोरंही मैदानावर यायची थांबली. विचारायला गेलो तर त्यांतला एकजण म्हणाला, "उद्या आमी जय भीम म्हनलो, तर तुला ऐकू येईल का?" टीम तिथंच संपली.

मागच्या वर्षी अंबाजोगाईच्या स्टँडवर मोईन भेटला. कुणाच्या तरी लग्नाला आला होता. अंगानं भरलाय, दाढी ठेवलीय. त्यानंच हाक मारली, गळ्यात पडला. आईची चौकशी केली, बहिणीची केली. चाची दोन वर्षांपूर्वी गेल्या, म्हणाला. मग तो आपणहूनच म्हणाला, "मी अम्मीला कायम सांगायचो, दत्ताला खरंच ऐकू आलं नसेल. गोंगाट लई व्हता."

तो माझ्याकडं बघत होता. पुण्याची गाडी लागलेली, माणसं चढत होती. एक वाक्य बोलायला वेळ होता.

"व्हय," मी म्हणालो, "लई गोंगाट व्हता."

त्यानं मान हलवली, पिशवी उचलली आणि गाडीत चढला.