यंत्राचा कागद आणि फणसाचा पाट

गेल्या आठवड्यात गावी, कापड्याला, घरी होतो, तेव्हा एक अख्खा दिवस ओटीवर बसून मी एक पाट घासला. एवढासा पाट, तीन वर्षांच्या पोरीला बसायचा... कारखान्यातल्या मंडळींना कळलं तर पोट धरून हसतील.

आधी माझं काम सांगतो. मुंबईच्या आमच्या फर्निचरच्या कारखान्यात विलायतेहून लाकूड घासायचं मशीन आलं, तेव्हापासून मी त्याच्यावर. त्या मशीनला काचकागद कुठला लावायचा, हे साहेबसुद्धा मलाच विचारतो. बाकी कशात अक्कल नसली तरी एवढ्यात आहे!

लोक दाट दाण्याचा, चकचकीत कागद उचलतात आणि फसतात. सागाचं तेल नि भुसा त्यात भरला की तासाभरात तो कागद बाद. दाणा जरा विरळ हवा, पाठ कापडाची हवी, आणि दुमडला तर दाणे झडता कामा नयेत. मशीनवर हा कागद पट्ट्यासारखा जोडून फिरवतात; त्याचा सांधा उलट्या अंगानं लावला, तर फाटून थेट तोंडावर येतो... ते मी एकदा भोगलंय.

तर असा पारखून घेतलेला हातभर तुकडा साहेबाला विचारून मी ट्रंकेत टाकला होता. घरी लाकडाचं काही ना काही निघतंच. आगबोटीनं दासगाव, तिथून महाड, मग सर्व्हिस मोटारीनं पोलादपूर आणि पुढं पायी... सबंध वाटभर डोक्यात एकच, माझी लेक सोनी आता बोलत असेल.

सोनी बोलत होती, पण माझ्याशी नाही. मी मुंबईला गेलो तेव्हा ती नुकती बसायला लागली होती. आता आजीच्या लुगड्याआडून टकमक बघत होती. मला राहवलं नाही, उचललीच. माझा खरखरीत पंजा तिच्या गालाला लागला आणि पोरीनं असं भोकाड पसरलं की शेजारची माणसं बाहेर आली.

पुढं आठवडाभर तेच. मी ओटीवर तर ती परसात, मी परसात तर ती ओटीवर. मुंबईचा खाऊ घ्यायची, पण तोही लांबूनच हात ताणून... घेतला की पसार.

रजा दहाच दिवसांची. आठव्या दिवशी जेवताना तिनं आईला विचारलं, "ह्यो पावना कवा जानार?"

अडीच वर्षं जिच्यासाठी दिवस मोजले, तिच्या लेखी मी पाहुणा... आणि उत्तर तरी काय होतं? परवा. खरंच परवा जाणार होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आईनं मला बजावलं, "पोर बुजलंय रे. मागं लागू नको तिच्या. आपलं काय काम आसंल ते करीत बस."

आता सुतार माणूस काम काय करणार? माळ्यावर फणसाची फळी पडली होती. ती कापली, खालून दोन पट्ट्या ठोकल्या, पाट उभा केला आणि ट्रंकेतला कागद काढला. जाण्याआधी एवढी एक वस्तू तरी तिच्यासाठी ठेवून जावी, एवढंच मनात होतं.

आणि इथं माझी फजिती झाली. मशीनवर आठवडाभर टिकणारा तो कागद हातानं चालवला तर फळीवर नुसते ओरखडे! मशीनला दणकट कागद लागतो, हाताला मवाळ... कागदाचा एवढा जाणकार मी, पण हे काही सुचलं नव्हतं. शेवटी धुण्याच्या दगडावर घासून घासून त्या कागदाची धार मारली.

सोनीची आई पाण्याला निघाली होती, ती बघतच राहिली. "मुंबयवरनं नवा कागद आनायचा नि हितं दगडावर झिजवायचा!" म्हणाली आणि हसत गेली. इतक्या दिवसांत घरात पहिल्यांदा माझ्यामुळं कुणी हसलं असेल.

मग मात्र पाट गुळगुळीत होत आला. कागद चाचपून चाचपून माझा अंगठा इतका निबर झालाय की त्याला गुळगुळीत-खरखरीत काही कळत नाही. म्हणून आम्ही कारखान्यात लाकूड गाल लावून बघतो. मी वाकलो, डोळे मिटले आणि पाटावर गाल टेकला.

डोळे उघडले तर पाटाच्या दुसऱ्या टोकाला सोनीचा गाल टेकलेला... नाकाला नाक लागेल इतकी जवळ.

"हितं टोचतंय," ती मला म्हणाली.

मी तेवढाच कोपरा घासला. तिनं परत गाल लावला. "अजून टोचतंय." परत घासला. परत टोचतंय. ऊन ओटीवरून अंगणात उतरलं, घरातून दोनदा जेवायची हाक आली, आम्ही काही उठलो नाही.

तो कोपरा केव्हाच लोण्यासारखा झाला होता. मला दिसत होतं, आणि तिलाही कळत असणार, कारण टोचतंय म्हणताना ती हसत होती. मी घासत राहिलो... कागदावरचा दाणा संपून नुसतं कापड हातात राहिलं, तरी घासत राहिलो.

सकाळी निघालो तेव्हा ती त्या पाटावर बसून भात खात होती. उचलून घ्यायचा धीर मला झाला नाही. तिनं मान वर करून बघितलं, पळाली मात्र नाही.

आता परत मशीनवर आहे. पुढची रजा कधी, ते साहेब सांगत नाही. खोटं कशाला बोलू, जीव तिकडंच अडकलाय...

त्या पाटाचा एक कोपरा बाकीच्यांपेक्षा पातळ झालाय. कुणी जाणता सुतार घरी आला तर नक्की नावं ठेवील. खुशाल ठेवू दे... याहून चांगलं काम माझ्या हातून अजून झालेलं नाही.