तीन फेटे आणि एक साखरपुडा

माझ्या ताईचा साखरपुडा गणितामुळे मोडता मोडता राहिला. आमच्या आळे गावात साखरपुडे मानपानावरून मोडतात, एकदा तर जनरेटरवरून मोडला होता. पण गणितावरून मोडायला आलेला हा पहिलाच, आणि त्याचं श्रेय सर्वस्वी माझं.

मी तेव्हा कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स नावाचा विषय होता. (कॉम्प्युटर शिकायला गेलं की आधी कॉम्प्युटर दाखवत नाहीत, ठिपके आणि रेषा दाखवतात.) सरांनी नुकताच आलेख रंगवायला शिकवला होता. ज्या दोन ठिपक्यांचं एकमेकांशी जमत नाही त्यांच्यामध्ये रेषा काढायची, रेषेने जोडलेल्यांना एकच रंग द्यायचा नाही, आणि तरीही कमीत कमी रंगांत भागवायचं. सर फळ्यावर परीक्षेचं वेळापत्रक रंगवत होते. मला मात्र तिथे आमचा गोतावळा दिसत होता.

कारण घरी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, झोप उडाली होती.

"पावण्यांम्होरं त्या तिघांची जुंपली ना, तर सोयरीक गेली म्हनून समज," ते आईला सांगत होते.

तिघं म्हणजे माझे थोरले चुलते नाना, आईचे भाऊ भानुमामा आणि आत्याचे यजमान दाजी. नाना बैलगाडा शर्यतीत झेंडापंच असताना त्यांनी मामांचे बैल पळून आल्यावर त्यांची बारी बाद केली होती. दाजींनी भर बाजारात मामांच्या कांद्याला 'गोलटी', म्हणजे बारका माल, म्हटलं होतं. आणि आखाडात नानांच्या घरी दाजींच्या ताटात नुसता रस्सा आला होता, पीस आलाच नव्हता. तेव्हापासून कुणी कुणाशी बोलत नव्हतं. गणिताच्या भाषेत हा शुद्ध त्रिकोण! त्याला तीन रंग लागतात. अंगण लहान असल्याने तीन पंगती तशाही उठवायच्याच होत्या.

"आप्पा, काळजी सोडा," मी म्हणाले. "हे आमच्या सिलॅबसमध्ये आहे."

फी भरल्यापासून पहिल्यांदाच आप्पांनी माझ्याकडे समाधानाने पाहिलं.

मी सगळ्या नातेवाइकांचा आलेख काढला. नियम असा की ज्या ठिपक्याला सगळ्यात जास्त रेषा, त्याला आधी रंग द्यायचा. दाजींच्या रेषा सगळ्यांपेक्षा जास्त भरल्या. त्यांचं आचाऱ्याशी पटत नव्हतं, मंडपवाल्याशी पटत नव्हतं, आमच्या कुत्र्याशीही पटत नव्हतं. (कुत्र्याला मी आलेखात घेतलं नाही.) म्हणून दाजी पहिल्या पंगतीला, नाना दुसऱ्या, मामा तिसऱ्या. घोळ नको म्हणून फेटेवाल्यालाही सांगून ठेवलं: पहिली पंगत गुलाबी, दुसरी भगवी, तिसरी मोरपंखी.

साखरपुड्याच्या दिवशी शिनोलीहून नवरदेवाकडची मंडळी आली, चहा फिरला, फेटे बांधून झाले. मामा आरशासमोर मिशीला पीळ देत होते.

"पिंके, रंग लई भारी हाय. पर त्या झेंडावाल्याचा भगवा आन् माझा ह्यो, आसं का?"

"मामा, हा तिसऱ्या पंगतीचा रंग आहे."

मामांचा हात मिशीवरच थांबला.

"मी? नवरीचा सख्खा मामा? तिसऱ्या पंगतीला? वाढप्यांसंगं?"

"मामा, रंगांना क्रम नसतो. गणितात सगळे रंग सारखेच."

"मंग घास बी गणिताकडूनच भरव!"

हे ऐकून नाना धावत आले. "म्हंजी मी दुसऱ्या? तवर बुंदी ऱ्हाती व्हय?"

मग दोघंही एका सुरात ओरडले, "पह्यल्या पंगतीला कोन?"

गुलाबी फेटा सावरत दाजी पुढे झाले. "जावयाचा मान असतो, राव."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण विषय नवीन होता आणि उत्साह दांडगा!

"मानाचं काही नाही, दाजी. ज्याची भांडणं जास्त त्याला पहिला रंग. तुमची सगळ्यात जास्त भरली."

अंगणात शिनोलीकरांचे कप ओठांपाशीच राहिले. दाजींनी फेटा उतरवून मामांच्या पिकअपच्या बॉनेटवर ठेवला. शेजारी नानांनी ठेवला, मामांनी ठेवला, आणि तिघंही गाडीत जाऊन बसले.

"आप्पा, मंडळी गाडीत का बसल्यात?" ताईच्या होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं.

"एसी हाय तिच्यात," आप्पा म्हणाले. (पिकअपला एसी नाही. एका बाजूची काचही वर जात नाही.)

"आसू द्या. पर मामा आल्याबिगर सुपारी फुटायची न्हाई."

ताईने मला कोपऱ्यात ओढलं. "पिंके, हे मोडलं ना, तर तुला त्याच त्रिकोणात पुरीन!" बोलता बोलता तिचं काजळ ओघळलं. हा मुलगा तिने स्वतः पसंत केला होता आणि आप्पांना महिनोन्महिने मनवलं होतं. मला खरंच रडू आलं. मी पिकअपकडे पळाले.

काच उघडीच असल्याने आतलं सगळं ऐकू येत होतं.

"बारी बाद केली मी, पर तुजी बैलं लई गुणाची व्हती," नाना म्हणत होते.

"ते जाऊ द्या, नाना," मामा म्हणाले. "ह्या पोरीनं आपल्याला ठिपकं केलं त्याचं बोला!"

"तुमाला नुसतं ठिपकं केलं," दाजी कळवळून म्हणाले. "माझी भांडणं मोजली तिनं. मोजली!"

मामांनी दाजींच्या पाठीवर हात ठेवला.

"चुकलं माझं," मी खिडकीतून म्हणाले. "ताईचं मोडू नका. म्हणाल त्या पंगतीला बसा."

नानांनी दोघांकडे पाहिलं. दोघांनी मान डोलावली.

"आमी तिघं एकाच पंगतीला बसनार, पह्यल्या. मांडीला मांडी लावून. आन् तू तिसऱ्या."

घाईघाईत हाताला लागेल तो फेटा डोक्यावर ठेवून तिघं मांडवात आले आणि सुपारी फुटली. जेवताना नाना स्वतःच्या ताटातली बुंदी दाजींना वाढत होते. ताई हसत होती. माझी पाळी आली तेव्हा बुंदी संपली होती.

आता आमच्या गोतावळ्यात कुणाचं कुणाशी वाकडं नाही. जुन्या रेषा सगळ्या पुसल्या गेल्या, आणि नव्या येऊन एकाच ठिपक्याला मिळाल्या. लग्नात फेटे नानांनी ठरवले: झाडून सगळ्यांना गुलाबी आणि मला एकटीला मोरपंखी. मी मुकाट्याने बांधून घेतला. अख्खं घराणं दोन रंगांत बसलं होतं, आणि मी असेपर्यंत त्याहून कमी रंगांत ते बसवणं गणितालाही शक्य नाही.