बेडकाचे मोजे

रक्त तपासायला लॅबमध्ये बसलो होतो. समोरची चिमुरडी सुई पाहून रडायला लागली. तिची आई म्हणाली, "तिकडे बघू नकोस. बेडकाची कविता म्हण."

पोरीने डोळे गच्च मिटले आणि हुंदके देत सुरू केलं, "बेडूकभाऊ, बेडूकभाऊ, मोजे कुठं वाळत घालू?"

कविता माझ्या मित्राची, दिनूची. जन्मभर तो असलंच लिहीत आलाय. माझ्या कवितांवर परिसंवाद होतात. पण त्यांना कुणी असं घट्ट धरलेलं मी पाहिलं नाही. पोरीला दिनूचं नावही ठाऊक नसणार. त्यानेच माझा जास्त जळफळाट झाला.

माझी पाळी आली. "काका, मूठ आवळा," लॅबमधली मुलगी म्हणाली. डोळे मिटून मी हट्टाने माझीच एखादी ओळ आठवू लागलो.

ओठांवर आले ते बेडकाचे मोजे.