चंद्राला खाली उतरवणाऱ्या पाटकर बाई

पाटकर बाई कवितेचं पोस्टमॉर्टेम करायच्या. कुणी दोन ओळी म्हटल्या की यांची बोटं मांडीवर ठेका धरायची. मराठीच्या रिटायर मास्तरीण. आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायच्या. आता लेकीकडे नाशिकला गेल्या. मी सातवी शिकलेला, मला कविता म्हणजे डोक्याला ताप.

हळदीकुंकवाला माझ्या बायकोनं, सुशीलानं उखाणा घेतला, "चांदीच्या ताटात ठेवले पेढे, दत्तारामांचं नाव घेते, जरी आहेत ते वेडे."

बाई म्हणाल्या, "यमक झकास! पण घरात चांदीचं ताट आहे का?"

"नाय. पेढे पण नायत. वेडे तेवढे खरे."

त्या दिवसापासून दोघींचं गूळपीठ.

सुशीला गेली. वर्षश्राद्धाला गेटवर बॅनर लावायचा होता. फ्लेक्सवाल्यानं तयार ओळी दिल्या: 'तू होतीस घराचा शीतल चंद्र, तुजवीण झाले जीवन मंद.' मी बाईंना दाखवल्या.

"चंद्र, मंद. यमक लंगडतंय," बाई म्हणाल्या. "रूपक ठीक. पण सुशीला शीतल होती?"

"कसली शीतल! तापली की वरचा मजला हालायचा."

"मग चंद्राला खाली उतरवा. ही दुसऱ्याच कुणाची तरी बायको आहे. तुमची लिहा."

हे मात्र लागलं. बॅनरवर फोटो सुशीलाचा आणि खाली बाई भलतीच, हे मला चालणार नव्हतं. दोन दिवस डोकं खाजवून लिहिलं:

'रोज भांडलीस, रोज जिंकलीस.
आता मी बोलतो, कुणी खोडत नाही.'

बाईंची बोटं मांडीवर चालली आणि मध्येच थांबली.

"पहिल्या ओळीत भांडलीस-जिंकलीस, जोडी जमली. दुसरीत ठेका तुटला. यमकच नाही."

"मग जमवा की. मास्तरीण कशाला झालात?"

"नाही जमवणार. यमकाला जोडीदार लागतो, दत्ताराम. ही ओळ एकटी आहे. तशीच राहू दे."

त्यांनी चहा टाकला.

पोरगा म्हणाला, "बाबा, लोक हसतील." मी म्हटलं, "हसू दे."

पहिली हसली ती सुशीलाची बहीण, नावड्याहून आलेली. गेटवर उभी राहून मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "आमची सुशीच ही! भावोजींना कधी पुरं बोलू दिलं नाय!" हसता हसता पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावला.

मी शेजारी उभ्या बाईंना हळूच विचारलं, "आता हा कुठला अलंकार?"

"गप्प बसा हो," बाई म्हणाल्या. त्यांचा चष्मा हातात होता.