आत्यावरचं राज्य

समुद्रापासून इतक्या लांब राहून बेटांचा नाद लागलेला औरंगाबादेत बहुधा मी एकटाच. आमचा महासागर म्हणजे जायकवाडी. तरी दूरदूरच्या बेटांच्या झेंड्यांची चित्रं जमवतो. बायको म्हणते, "यांना ट्यूब बदलायला सांगा, लगेच अटलांटिक आठवतो."

आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लासूर स्टेशनहून आमच्याकडं आली. डोळ्याला पट्टी, टीव्ही बंद. उठून जाऊ न शकणारा श्रोता मला उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला.

"आत्या, त्रिस्तान दा कुन्हा म्हणून एक बेट आहे," मी सुरुवात केली.

"आणखी एक स्तान निघालं?" तिचा आवाजच उतरला. "कवा?"

"तसलं स्तान नाय गं. भर समुद्रात आहे, जहाजानं आठवडा लागतो. राज्य इंग्लंडचं. बटाटे पिकवतात. झेंड्यावर दोन मोठ्ठे झिंगे."

"झेंड्यावर कुणी झिंगे काढतं व्हय? आमच्या लहानपणी निजामाचा पिवळा होता, मधोमध गोल भाकरीवानी. पोलीस ॲक्शन झाली अन् तिरंगा आला. पण झिंगे?"

मला चेव आला. एकदा तिथला ज्वालामुखीचा डोंगर फुटला, अख्खं गाव जहाजात घालून विलायतेला नेलं. कामं मिळाली, घरं मिळाली, पण जीव रमेना. डोंगर निवल्यावर बहुतेक सगळे परत आपल्या बेटावर गेले.

आत्या उठून बसली. "परत? येऊ दिलं त्यायला?"

"दिलं की."

"मग ती का नाय आली रं?"

ती म्हणजे लासूरची शेजारीण. आत्याच्याच वयाची, वडील रेल्वेत. पोलीस ॲक्शननंतर त्या घराचं कराचीला जायचं ठरलं, ते या दोन पोरींना कुणी सांगितलंच नाही. त्या दिवशी लपाछपी चालली होती, राज्य आत्यावर. भिंतीशी तोंड करून, डोळे झाकून तिनं आकडे म्हटले, "येऊ काऽ?" अशी हाक दिली आणि शोधायला निघाली. ज्वारीच्या पोत्यांमागं पाहिलं, मालधक्क्यावर पाहिलं. दिवेलागणीला कळलं, मैत्रिणीला लपल्या जागेवरून उचलून मनमाडच्या गाडीत बसवलं होतं.

"जाताजाता धप्पा तरी द्यायचा," आत्या म्हणाली. "तवापासून राज्य माझ्यावरच हाये. झेंडा बदलला, तुमच्या शहराचं नाव बदललं, माझ्यावरचं राज्य काय उतरंना."

मी म्हणे घरचा बेटपंडित! सगळ्यात दूरचं बेट कोणतं, यावर तासभर बोलणाऱ्या माझ्या डोक्यात कराची कधी आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. "कसं दिसतंय आजी?"

आत्या बराच वेळ दाराकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "येऊ काऽ?"

"या ना," डॉक्टर म्हणाले, "पण आठवड्यानं. तोवर थेंब चुकवायचे नाहीत."

घरी येताना क्रांती चौकात रिक्षा अडकली. आत्या नव्या डोळ्यानं दुकानांचे आडोसे, खांब, बुरख्यातल्या म्हाताऱ्या बाया न्याहाळत होती. मी काहीतरी बोलणार होतो. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब रं. बघू दे."